उंदराचा कॅन्सर बरा झाला, म्हणजे नेमकं काय झालं?

सिंधुदुर्गातल्या पेपरांत अधूनमधून एक बातमी येते: वनखात्याने नरक्याचं लाकूड भरलेली गाडी पकडली. नरक्या हे सह्याद्रीच्या ओल्या जंगलातलं, उग्र वासाचं लहान झाड. त्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यापासून कॅन्सरवरची औषधं बनतात, म्हणून त्याची चोरटी तोड होते.

आमच्या वाडीतल्या एका काकांनी मला विचारलं होतं, "उंदराचो कॅन्सर ह्या झाडान बरो झालो म्हणतत, मगे माझ्या भावाक तां औषध कित्याक गावत नाय?" भावाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर. दर पंधरा दिवसांनी रात्रीच्या गाडीने मुंबई, केमो, परत. मी फाइल मागून घेतली. केमोच्या कागदावर इरिनोटेकॅन लिहिलेलं होतं. म्हणजे काका ज्या औषधाबद्दल विचारत होते, त्याचंच सुधारलेलं रूप भावाच्या सलाइनमधून चाललं होतं. हे सांगितल्यावर काकांचा पुढचा प्रश्न आला: मग तो उंदरासारखा बरा का होत नाही?

प्रश्न अगदी रास्त आहे. कोकणातून टाटाला खेपा घालणाऱ्या कितीतरी घरांत तो मनात असतो, आणि डॉक्टरांच्या गर्दीच्या ओपीडीत तो विचारायला वेळ मिळत नाही. त्याचं उत्तर समजायला हवं असेल तर उंदरावर औषध तपासतात म्हणजे काय करतात, हे आधी बघावं लागतं.

कॅम्प्टोथेसिन पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं ते १९६६ साली, अमेरिकेत, एका चिनी झाडातून. मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी ते काम केलं. वाणी मूळचे नंदुरबारचे. याच जोडीने पुढे १९७१ साली टॅक्सॉल या कॅन्सरवरच्या दुसऱ्या औषधाची रचना उलगडली. आपल्या नरक्यातही कॅम्प्टोथेसिन आहे हे भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी १९७२ साली दाखवलं. आणि त्यापासून तयार झालेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं अमेरिकेत मंजूर झाली १९९६ साली. मधे तीस वर्षं गेली. रक्ताचा कॅन्सर झालेल्या उंदरांचं आयुष्य या द्रव्याने वाढतं, हे मात्र अगदी सुरुवातीलाच दिसलं होतं.

कुठलंही नवं द्रव्य आधी काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर घालून बघतात. तिथे फारसं काही सिद्ध होत नाही. बशीतल्या पेशी ब्लीचनेही मरतात. बशीला लिव्हर नाही, किडनी नाही, वाहतं रक्त नाही. औषध शरीरात गेल्यावर किती उरतं, कुठे साठतं, गाठीपर्यंत पोचतं का, आणि वाटेत कुणाकुणाला इजा करतं, हे कळायला जिवंत शरीर लागतं.

पण माणसाची गाठ उंदराच्या अंगात टिकणार कशी? कुठलंही निरोगी शरीर परक्या पेशी मारून टाकतं. इथे एका योगायोगाने वाट काढून दिली. १९६२ साली ग्लासगोमध्ये अंगावर केस नसलेले काही उंदीर आढळले. पुढे लक्षात आलं की त्यांना थायमस ही ग्रंथीच नाही, त्यामुळे परकं ओळखून हल्ला करणाऱ्या टी-पेशी त्यांच्यात तयार होत नाहीत. १९६९ साली डेन्मार्कमधल्या शास्त्रज्ञांनी अशा उंदरात माणसाच्या मोठ्या आतड्याची गाठ वाढवून दाखवली. तेव्हापासून हे बिनकेसांचे उंदीर, आणि पुढे आलेल्या आणखी दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या जाती, कॅन्सरच्या औषधांची पहिली परीक्षा घेत आलेत.

आपल्याकडे हापूसचं कलम बांधतात, तसाच हा प्रकार. खुंट रायवळाचा, वर काडी हापूसची. फळ हापूसचं लागतं, पण पाणी आणि अन्न येतं रायवळाच्या मुळांतून. उंदरातली गाठ माणसाची असते, पण तिला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या, भोवतीच्या आधारपेशी, औषध पचवणारं लिव्हर, सगळं उंदराचं. हे एवढं लक्षात ठेवलं तर पुढची निम्मी गुंतागुंत आपोआप सुटते.

प्रत्यक्ष प्रयोग असा चालतो. उंदराच्या कुशीत कातडीखाली काही लाख ते कोटभर कॅन्सरच्या पेशी सुईने सोडतात, किंवा ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा बारीक तुकडा तिथे बसवतात. मग थांबायचं. गाठ सहा-सात मिलिमीटरची झाली की उंदरांचे गट पाडतात, तेही चिठ्ठ्या टाकल्यासारखे, म्हणजे मोठ्या गाठीचे उंदीर मुद्दाम एकीकडे जाणार नाहीत. एका गटाला औषध. दुसऱ्या गटाला ज्यात औषध विरघळवलंय ते नुसतं द्रावण, तितकंच, त्याच वेळी. आठवड्यातून दोन-तीनदा प्रत्येक उंदीर हातात धरून व्हर्नियर कॅलिपरने गाठीची लांबी आणि रुंदी मोजायची. लांबी गुणिले रुंदीचा वर्ग, भागिले दोन, हा गाठीचा अंदाजे आकार. ८ मिलिमीटर लांब आणि ६ मिलिमीटर रुंद गाठ म्हणजे १४४ घनमिलिमीटर. मोजणाऱ्याला हा उंदीर कुठल्या गटातला हे माहीत नसावं, कारण कॅलिपरचे जबडे मऊ गाठीवर जरा जास्त दाबले की आकडा बदलतो, आणि औषध चालावं असं वाटणारा हात नकळत दाबतो.

त्याच वेळी उंदराचं वजनही करतात. मला स्वतःला गाठीच्या आलेखापेक्षा वजनाचा आलेख जास्त महत्त्वाचा वाटतो. गाठ थांबली पण उंदराचं वजन पाचव्या हिश्श्याने घटलं, तर औषध गाठीबरोबर उंदरालाही मारतंय. अशा उंदराला प्रयोगातून काढून वेदना न देता मरण देतात. गाठ ठरावीक मापापलीकडे गेली, ती फुटली, किंवा उंदीर खाणंपिणं सोडून कोपऱ्यात आखडून बसला, तरीही तेच.

आता बातमीतलं नेहमीचं वाक्य घ्या: "उंदरांमधील गाठ ६० टक्क्यांनी कमी." वाचणाऱ्याला वाटतं गाठ निम्म्याहून जास्त विरघळली. बहुतेक वेळा तसं झालेलं नसतं. समजा सुरुवातीला दोन्ही गटांतल्या गाठी १५० घनमिलिमीटरच्या होत्या. तीन आठवड्यांनी औषध न मिळालेल्यांची गाठ १,००० झाली आणि औषध मिळालेल्यांची ४००. चारशे हे हजारापेक्षा साठ टक्क्यांनी कमी, म्हणून तशी बातमी. पण औषध घेऊनही गाठ दीडशेची चारशे झाली, म्हणजे अडीचपटीहून जास्त वाढली. तिचा व्यास जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढला. माणसाच्या स्कॅनमध्ये गाठींचा व्यास २० टक्क्यांनी वाढला तरी डॉक्टर म्हणतात आजार वाढतोय, औषध बदला. उंदरात जे यश म्हणून छापून येतं, ते माणसात अपयश ठरतं. हा फरक एकदा कळला की निम्म्या बातम्यांचा जोर ओसरतो.

दुसरा घोळ डोसचा. कोकमाच्या सालीत गार्सिनॉल नावाचं द्रव्य असतं आणि त्यावर पेशींमध्ये, उंदीर-घुशींमध्ये कॅन्सरविरोधी प्रयोग झालेत. म्हणून आमच्याकडे लगेच "कोकम खा, कॅन्सर टाळा" असे मेसेज फिरतात. आता हिशोब बघा. समजा उंदराला रोज किलोमागे १०० मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य दिलं. लहान प्राण्याचं शरीर औषध भराभर जाळतं, म्हणून माणसाचा डोस काढताना नुसतं वजन धरत नाहीत, शरीराच्या पृष्ठभागाचा हिशोब धरतात. उंदराच्या किलोमागच्या डोसला साधारण बाराने भागायचं, प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराच्या, ज्याला इंग्रजीत रॅट म्हणतात, त्याच्या डोसला सहाने, आणि कुत्र्याच्या डोसला जेमतेम दोनने. म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज सुमारे ५०० मिलिग्रॅम शुद्ध गार्सिनॉल. आमसुलाच्या सारात किंवा सोलकढीत ते किती उतरतं, त्यातलं आतड्यातून रक्तात किती जातं, याचं उत्तर उंदराच्या प्रयोगात नसतंच. सोलकढी जरूर प्या, ती चांगलीच आहे. तिच्या भरवशावर बायोप्सी पुढे ढकलू नका.

आणि नरक्याच्या बाबतीत तर स्पष्ट सांगायला हवं. कॅम्प्टोथेसिन हे विषारी द्रव्य आहे. त्याच्या लाकडाचा काढा घरी उकळून पिणं जिवावर बेतू शकतं. १९७० च्या सुमारास अमेरिकेत रुग्णांवर त्याच्या चाचण्या सुरू झाल्या, तेव्हा ते पाण्यात विरघळावं म्हणून त्याच्या रेणूतलं एक कडं उघडून त्याचा क्षार बनवला होता. तसं केल्याने त्याचा प्रभाव घटला. शिवाय लघवीत, जिथे आम्लता असते, ते कडं पुन्हा मिटायचं, द्रव्य जागं व्हायचं आणि मूत्राशयातून रक्त यायचं. पांढऱ्या पेशीही खाली जायच्या. चाचण्या थांबल्या. औषध दशकाहून जास्त काळ अडगळीत पडलं. पुढे १९८५ साली ते पेशीतल्या टोपोआयसोमरेज-१ या एन्झाइमला अडवतं हे कळलं, तेव्हा कुठे रसायनशास्त्रज्ञांनी ते पुन्हा हातात घेतलं.

काकांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच कुटुंबातल्या एका औषधात आहे. ९-अमिनोकॅम्प्टोथेसिन असं त्याचं नाव. १९८९ साली बातमी आली की बिनकेसांच्या उंदरांत वाढवलेल्या माणसाच्या आतड्याच्या गाठी या औषधाने चक्क नाहीशा होतात. उंदरांना विशेष त्रासही होत नाही. माणसांवरच्या चाचण्यांत मात्र ते फिकं पडलं आणि मागे घ्यावं लागलं.

असं का झालं याची कारणं नंतर नीट उलगडली. या रेणूतलं ते कडं मिटलेलं असेल तरच औषध काम करतं. माणसाच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन उघडलेल्या रूपाला घट्ट पकडून ठेवतं, त्यामुळे रक्तात कामाचं औषध फार थोडं शिल्लक राहतं. उंदराचं अल्ब्युमिन तसं करत नाही. दुसरं, माणसाच्या हाडांतला मगज, जिथे रक्तपेशी तयार होतात, तो या औषधांना उंदराच्या मगजापेक्षा कितीतरी जास्त नाजूक आहे. उंदराला जो डोस सहज सोसतो, त्याच्या बऱ्याच आधी माणसाच्या पांढऱ्या पेशी कोसळतात. म्हणजे उंदरात गाठ नाहीशी करणारी रक्तातली मात्रा माणसात गाठणंच शक्य नव्हतं. गाठ माणसाचीच होती, औषधही तेच होतं. शरीर वेगळं होतं.

इरिनोटेकॅनचंही थोडं तसंच. ते शरीरात गेल्यावर एका एन्झाइममुळे त्याचं खरं प्रभावी रूप तयार होतं. उंदराच्या रक्तात हे एन्झाइम भरपूर, माणसाच्या रक्तात फार कमी. तरीही इरिनोटेकॅन टिकलं, कारण माणसात ते जेवढं चालतं तेवढंही उपयोगाचं निघालं. काकांच्या भावाला ते आयुष्य देत होतं, पण उंदराला मिळतं तेवढं बळ त्या औषधाला त्यांच्या शरीरात कधीच मिळणार नव्हतं.

मग उंदीर निरुपयोगी का? अजिबात नाही. प्राण्यांवरच्या चाचणीचं सगळ्यात मोलाचं काम "औषध चालेल" हे सांगण्याचं नसून "किती द्यायला सुरुवात करावी आणि कशाची भीती बाळगावी" हे सांगण्याचं आहे. ज्या डोसने दहातल्या एका उंदराला गंभीर इजा होते, तो पृष्ठभागाच्या हिशोबाने माणसाला लावून त्याचा एक दशांश, इतक्या कमी डोसपासून पहिल्या रुग्णाला सुरुवात करण्याची रीत आहे. कुत्र्यात किंवा माकडात तेवढाही डोस जड गेला, तर तो आणखी खाली आणतात. लिव्हर बिघडणार, हृदयाचे ठोके चुकणार, की उलट्या होणार, याची आगाऊ सूचना इथून मिळते. उंदीर उलटी करू शकत नाही, हेही एक कारण कुत्रा वापरण्याचं.

कधी प्राण्याने स्वतःहून औषध दाखवून दिलंय. तुमच्या अंगणात सदाफुली असेलच. मधुमेहावर तिची पानं चघळणारे आपल्याकडे आहेत, तसे जमैकातही होते. १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल यांनी त्या पानांचा अर्क उंदरांना टोचला. साखर उतरेना, पण उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. कारण शोधलं तर त्यांच्या पांढऱ्या पेशी घसरलेल्या. पांढऱ्या पेशी मारणारं द्रव्य पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरवर चालेल, हा विचार तिथून निघाला आणि नोबल यांच्यासोबत काम करणाऱ्या चार्ल्स बीअर यांनी १९५८ साली व्हिनब्लास्टिन वेगळं केलं. त्याचं भावंड व्हिनक्रिस्टिन आज लहान मुलांच्या ल्युकेमियात अत्यावश्यक आहे. गावच्या भटक्या कुत्र्यांना एकमेकांकडून लागण होऊन जननेंद्रियावर जी रक्ताळ गाठ येते, तिच्यावरही पशुवैद्य आठवड्याला एक व्हिनक्रिस्टिनचं इंजेक्शन देतात, आणि बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात.

इम्युनोथेरपीत वेगळीच अडचण येते. ही औषधं रुग्णाच्याच टी-पेशींना कॅन्सरवर सोडतात. बिनकेसांच्या उंदरात टी-पेशीच नाहीत, मग तपासणार काय? म्हणून इथे धडधाकट उंदीर आणि त्याच्याच जातीच्या उंदराची गाठ वापरतात. जेम्स अ‍ॅलिसन यांनी १९९६ साली असाच प्रयोग करून दाखवला आणि त्या वाटेवरच्या कामाला २०१८ चं नोबेल मिळालं. पण याच प्रकारात प्राण्यांनी फसवलंही आहे. २००६ साली लंडनमध्ये टीजीएन१४१२ नावाचं औषध सहा निरोगी तरुणांना दिलं गेलं. माकडांना सोसलेल्या डोसच्या पाचशेव्या भागाइतका डोस. काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात. त्या औषधाचं लक्ष्य माणसाच्या ज्या टी-पेशींवर असतं, माकडाच्या तशाच पेशींवर ते नव्हतं, म्हणून माकडांना काही झालं नव्हतं. त्यानंतर अशा औषधांच्या पहिल्या डोसचे नियम जगभर कडक झाले.

माणसांवरच्या चाचण्यांत शिरणाऱ्या कॅन्सरच्या औषधांपैकी शंभरात पाचेकच शेवटी मंजुरीपर्यंत पोचतात. यात उंदराचा दोष थोडा, माणसांचाही आहे. २०१२ साली अ‍ॅमजेन या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी कॅन्सरवरची गाजलेली ५३ संशोधनं पुन्हा करून बघितली, आणि फक्त सहांचे निष्कर्ष पुन्हा तसेच आले. गट नीट न पाडणं, मोजणाऱ्याला गट माहीत असणं, फसलेले प्रयोग न छापणं, ही त्यामागची नेहमीची कारणं. असा ढिला प्रयोग मला दुहेरी अन्याय वाटतो. उंदीर फुकट मेले, आणि त्यावर आशा लावणारे रुग्णही फसले.

आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची समिती नेमलेली आहे, आणि प्रत्येक संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी घेतल्याशिवाय उंदरावरही प्रयोग करता येत नाही. कुत्र्यामाकडांसाठी थेट केंद्राच्या समितीकडे जावं लागतं. २०२३ साली आपल्या औषध नियमांत बदल होऊन, प्राण्यांऐवजी मानवी पेशींपासून बनवलेले लहान अवयव, चिपवरच्या पेशी, संगणकी पद्धती वापरायलाही वाट मिळाली. त्याच वर्षी आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी विकसित केलेल्या नेक्सकार१९ या कॅन्सरवरच्या पेशी-उपचाराला मंजुरी मिळाली. टाटाचं संशोधन केंद्र खारघरला, म्हणजे रायगड जिल्ह्यातच आहे. तो उपचारही रुग्णांपर्यंत जाण्याआधी उंदरांतून गेला होता.

तुमच्या घरातल्या कुणाला पहिल्या टप्प्याच्या चाचणीत यायला विचारलं, तर घाबरून नाही म्हणू नका आणि भारावून होही म्हणू नका. संमतीपत्र समजेल त्या भाषेत, मराठीत मागा. तो तुमचा हक्क आहे. प्राण्यांमध्ये काय दिसलं, याची माहिती त्यासोबतच्या पत्रकात असते. कुठल्या प्राण्यांवर तपासलं, किती जातींत, गाठ खरंच आक्रसली की फक्त हळू वाढली, सर्वांत जास्त इजा कुठल्या अवयवाला झाली, आणि आपल्या पेशंटचा डोस त्या मानाने किती, हे विचारा. चाचणी भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत आहे का तेही बघा, नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे. पहिल्या टप्प्याचा मुख्य हेतू सुरक्षित डोस शोधणं हा असतो, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकून घ्या. आणि सही केल्यावरही, कुठलंही कारण न देता, कधीही बाहेर पडता येतं. त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत.